‘इसारलंय’ म्हणणारा पांडू

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या कट्ट्याच्या बाजारात दुपारी दोननंतर माणूस भेटणं कठीण. मासळी केव्हाच संपलेली असते, मालवणहून कसालकडे जाणारी एसटी निघून गेलेली असते आणि दुकानदार अर्धी फळी लावून आत कलंडलेला असतो. पण अशा वेळी कुठल्याही घरावरून जा, आतून टीव्हीचा आवाज येतोच. बहुतेक वेळा तो आदल्या रात्रीच्या मालिकेचा असतो. जेवणं उरकून, भांडी पालथी घालून बायका पंख्याखाली बसलेल्या असतात आणि रात्री जे बघायचं राहिलं ते दुपारी बघून घेतात.

२०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका झी मराठीवर सुरू झाली, तेव्हा आमच्या शेजारच्या काकींनी पहिल्याच आठवड्यात जाहीर करून टाकलं, “रातचा कोण बघतला ता? दुपारी परत लावतत, तेवा बघूया.” मालिका होती भुताखेतांची, वाड्यातल्या मरणांची, रात्री साडेदहाची. आणि आमच्याकडे पावसाळ्यात रात्री लाईट जाण्याला काही वेळकाळ नसतो. अंधारात तो वाडा डोळ्यांपुढे घेऊन बसण्यापेक्षा दिवसाढवळ्या बघितलेलं बरं, असा त्यांचा हिशेब.

पण दुपारी त्या बघायला बसत, त्या भुतासाठी नव्हे हे थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं. हातातलं काम अर्धवट टाकून त्या विचारीत, “पांडू इलो काय?” पांडू म्हणजे नाईकांच्या वाड्यावरचा गडी. थोडा खुळा, थोडा बेरकी. निरोप घेऊन धावत यायचा आणि सांगायची वेळ आली की डोकं खाजवीत म्हणायचा, “इसारलंय!” म्हणजे, मी विसरलो. एवढ्या एका शब्दावर काकी तोंडाला पदर लावून हसायच्या. काल हसल्या होत्या, आज हसल्या, उद्याही हसणार. ज्या घरात मालिकेच्या सुरुवातीलाच घरधनी मरतो आणि नंतर एकामागून एक अरिष्टं येत राहतात, त्या घरात हा माणूस एवढा हसवतो कसा? आणि तो आमच्या बोलीत बोलून हसवतो याचा आम्हाला राग का येत नाही? आज बोलायचं आहे ते याबद्दल.

राग येण्याचं कारण जुनं आहे. मराठी मालिकांमध्ये मालवणी पुष्कळ वर्षं ऐकू येत होती, पण कुणाच्या तोंडी? घरकामाच्या बाईच्या, वॉचमनच्या, नाहीतर चाळीतल्या भांडखोर शेजाऱ्याच्या. घरातली मंडळी शुद्ध मराठीत सुखदुःखं बोलणार आणि मध्येच ही बाई केरसुणी घेऊन येणार, “काय वो बाईनु” म्हणणार की प्रेक्षकांनी हसायचं. तिनं काही विनोद केलेला नसतो. ती तशी बोलते, हाच विनोद. अशाच एका मालिकेच्या वेळी काकींनी टीव्ही बंद केल्याचं मला आठवतं. “आमची भाषा काय नुसती भांडी घासूक?” एवढंच म्हणाल्या आणि खरोखरीच भांडी घासायला निघून गेल्या. त्याच काकी मे महिन्यात मुंबईहून नातू आला की त्याच्याशी जपून, पुस्तकातल्यासारखं बोलायच्या. सुनेला मालवणी आवडत नसे.

अर्थात भाषेची ही उतरंड टीव्हीनं निर्माण केलेली नाही. ती फार जुनी आहे. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि त्याचा मित्र विदूषक, जो जातीनं ब्राह्मण असतो, तो मात्र प्राकृत बोलतो. ‘शाकुंतला’तला माधव्य घ्या किंवा ‘मृच्छकटिका’तला मैत्रेय घ्या. खाण्याच्या गोष्टी, भीतीच्या गोष्टी, धन्याला दोन शब्द सुनवायच्या गोष्टी, सगळ्या प्राकृतात. आमच्याकडच्या दशावतारातही तेच. त्रिपुरी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू होतात, देवळासमोर दहीकाला होतो. त्यात देव आणि राजे भारदस्त, लांबलचक मराठीत बोलतात. पण आडदशावतारात काळ्या वेषातला संकासूर येतो, भटजीची टर उडवतो, समोर बसलेल्या गावकऱ्यांनाही सोडत नाही, आणि त्याची भाषा अस्सल मालवणी. तो वेद चोरणारा असुर आहे, शेवटी विष्णूच्या हातून मरायचा आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी पोरं देवासाठी जागी राहत नाहीत, संकासुरासाठी जागी राहतात. दशावताराला लिहिलेली संहिता नसते, नट उभ्या उभ्या संवाद रचतात. त्यामुळे ज्या गावात खेळ, त्या गावच्या वादविवादावर संकासुराची टिप्पणी ठरलेली.

ही उतरंड उलटी करून दाखवली ती ‘वस्त्रहरण’नं. गंगाराम गवाणकरांचं हे नाटक १९८० साली रंगभूमीवर आलं. गावातली मंडळी महाभारतातल्या वस्त्रहरणाचा प्रयोग बसवतात, तोंडाला रंग लावून शुद्ध भाषेत बोलू बघतात आणि दर दोन वाक्यांनी पाय घसरून मालवणीत येऊन पडतात. मालवण तालुक्यातल्या रेवंडीचे मच्छिंद्र कांबळी त्यात तात्या सरपंच करायचे. सुरुवातीला नाटक फारसं चालत नव्हतं. पु. ल. देशपांड्यांनी कौतुकाचं पत्र लिहिलं आणि मग त्याचं नशीब उघडलं ही हकिगत सर्वांना ठाऊक आहे. पुढे प्रयोगांची संख्या पाच हजारांवर गेली. त्या नाटकात आपण हसतो ते मालवणी बोलणाऱ्याला नव्हे, मालवणी लपवायला जाणाऱ्याला. फरक बारीक वाटतो, पण सगळं त्यातच आहे. कांबळी २००७ साली गेले तेव्हा आमच्या बाजारात घरचं माणूस गेल्यासारखं झालं होतं.

नाटकात हे जमलं, टीव्हीवर मात्र जमायला आणखी बरीच वर्षं लागली. त्याचं एक कारण मालिकेच्या धंद्यातच आहे.

रोजच्या मालिकेचं मूळ अमेरिकेतल्या रेडिओत. १९३० च्या दशकात दुपारच्या वेळी घरी असणाऱ्या गृहिणींसाठी कौटुंबिक श्रुतिका सुरू झाल्या, त्यांना पैसा पुरवला साबणाच्या कंपन्यांनी, म्हणून त्यांचं नावच सोप ऑपेरा पडलं. म्हणजे हा प्रकार जन्मतःच दुपारचा आणि जन्मतःच नभोवाणीचा. नभोवाणीवर बोलताना हे सांगायला मला बरं वाटतं. आपल्याकडे दूरदर्शनवर १९९४ मध्ये ‘शांती’ आणि १९९५ मध्ये ‘स्वाभिमान’ आली, त्याही दुपारच्याच. मराठीत प्रतीक्षा लोणकरांची ‘दामिनी’ ही पहिली दैनंदिन मालिका म्हणून ओळखली जाते. पत्रकार असलेली ती नायिका घराघरातल्या बायकांना आपली वाटली. पण विनोदाचं म्हणाल तर या मालिकांचा चेहरा गंभीरच. विनोदाला वेगळं घर होतं. ‘चिमणराव’ असो, नाहीतर २००१ पासूनचे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ असोत. दोन्हींत दिलीप प्रभावळकर होते, दोन्ही आठवड्यातून एकदा भेटायच्या, आणि दोन्ही पुस्तकातली मराठी बोलणाऱ्या शहरी घरांच्या गोष्टी होत्या.

रोजच्या मालिकेत हसवणारा माणूस शिरतो तो गरज म्हणून. आठवड्याला पाच-सहा भाग, प्रत्येक भाग वीस-बावीस मिनिटांचा. एवढ्या वेगानं कथा पुढे सरकवली तर दोन महिन्यांत संपेल. ती तर वर्षानुवर्षं चालवायची असते. मग कथा जागच्या जागी ठेवून प्रसंग मात्र रोज नवा दिसला पाहिजे. रडून हे साधत नाही. सलग आठ दिवस रडणारी नायिका नवव्या दिवशी कंटाळवाणी होते. हसवणारं पात्र मात्र कथेला एक इंचही न हलवता पाच मिनिटं सहज खाऊन टाकतं, आणि बघणाऱ्याला वेळ फुकट गेला असं वाटत नाही. शिवाय घरकाम करता करता बघणाऱ्या बाईला एखादा ठरलेला शब्द कानावर पडला की पुरतं. मान वर करून बघावंही लागत नाही. म्हणून मालिकेतल्या विनोदाला पालुपद लागतं. कीर्तनकारालाही लागतं, ती काही टीव्हीची युक्ती नव्हे.

कधीकधी पालुपद लेखकाच्या हातून निसटून प्रेक्षकांच्या हातात जातं. ‘होणार सून मी ह्या घरची’ ही २०१३ ते २०१६ ची मालिका. तिच्यातली जान्हवी नवऱ्याला लाडानं म्हणायची, “काहीही हं श्री.” तिथं विनोद अभिप्रेत नव्हता, लाडीगोडी होती. पण महाराष्ट्रानं ते वाक्य उचललं आणि त्याचा असा काही विनोद केला की पुढेपुढे ती गंभीर प्रसंगात ते म्हणाली तरी घरात हशा पिकायचा. नको तिथं हसू येणं हाही रोजच्या मालिकेचा एक धर्मच आहे.

खलनायिकांचंही असंच होतं. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली शनाया पहिल्या काही महिन्यांत खरोखर संताप आणणारी होती. पण मालिका चालली २०१६ ते २०२१. चार-साडेचार वर्षं कुणी रोज कारस्थानं करायची आणि रोज ती फसायची म्हटल्यावर त्या माणसाची भीती कुठवर राहणार? शनाया हळूहळू विनोदी झाली. तिचं अज्ञान, तिचा आळस, तिचं खाणं-फिरणं यांतच गंमत येऊ लागली. रसिका सुनील आणि ईशा केसकर या दोघींनी ती भूमिका वेगवेगळ्या काळात केली आणि दोघींच्याही हातून ती विनोदाकडेच कलली, यावरून मला वाटतं हा गुण नटीपेक्षा लांबीचा असावा. माणूस फार काळ रोज भेटत राहिला की त्याचा पुरेसा राग येत नाही. गावात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आता पुन्हा २०१६ सालाकडे येतो, कारण ते वर्ष मराठी मालिकांच्या दृष्टीनं मला विशेष वाटतं. फेब्रुवारीत ‘रात्रीस खेळ चाले’ आली. त्याच वर्षी ‘माझ्या नवऱ्याची बायको’ आली, जिची नायिका राधिका नागपूरकडची, वऱ्हाडी वळणाचं बोलणारी. अनिता दातेनं ते काम केलं. आणि त्याच वर्षी ‘तुझ्यात जीव रंगला’ आली, कोल्हापुरी राणादा आणि त्याचं ते “चालतंय की” घेऊन. तिन्ही एकाच वाहिनीवर. म्हणजे इतके दिवस स्वयंपाकघरात केर काढणाऱ्या बोली एका वर्षात माजघरात येऊन बसल्या. राधिकेचा नवरा तिला गावंढळ समजतो, पण मालिका तिच्या बाजूनं उभी राहते. हसं होतं ते नवऱ्याचं.

‘रात्रीस खेळ चाले’नं तर आणखी पुढचं पाऊल टाकलं. सावंतवाडीजवळ आकेरीला एका खऱ्या वाड्यात तिचं चित्रीकरण झालं. घरात जवळजवळ सगळेच मालवणी बोलतात. माई रडते ती मालवणीत. दत्ताची बायको सरिता टोमणे मारते ते मालवणीत. २०१९ मध्ये दुसरा भाग आला, त्यात मागची हकिगत सांगितली आहे. त्यातले अण्णा नाईक, माधव अभ्यंकरांनी उभे केलेले, जमिनी लाटणारे, बाहेरख्याली, ज्यांच्या चपलांचा आवाज आला की घर चिडीचूप व्हावं असे. तेही धमकी देतात ती मालवणीत. ही बोली ऐकून लोकांना धडकी भरू शकते हे महाराष्ट्राला, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही, तेव्हाच कळलं. बोली जेव्हा दरारा, दुःख, लबाडी, माया सगळं वाहून नेते, तेव्हा तिच्यातला गडी हसवतो तो त्या बोलीमुळे नाही. सगळेच तसं बोलतायत. मग तो हसवतो ते स्वतःच्या स्वभावानं. काकींचा राग कुठे गेला, याचं उत्तर मला इथं सापडतं.

पांडूचं काम प्रल्हाद कुडतरकरांनी केलं आणि मालिकेचे संवादही त्यांचेच. म्हणजे बाकी सगळ्यांच्या तोंडी शब्द घालणारा माणूस स्वतःच्या वाट्याला “विसरलो” हा शब्द घेऊन बसला होता. ही गंमत बहुतेकांच्या लक्षात आली नसेल.

या विसरण्याचे दोन उपयोग होते. रहस्यकथेत कुणीतरी काहीतरी पाहिलेलं असतं आणि ते त्यानं लगेच सांगितलं तर कथा संपते. पांडू पाहतो, सांगायला येतो आणि विसरतो. आपण हसतो आणि रहस्य आणखी चार भाग पुढे जातं. एकाच शब्दात हशाही आणि उत्कंठाही. दुसरा उपयोग असा की भीतीचा ताण सतत वाढवत नेता येत नाही. मध्ये सैल सोडावा लागतो, मगच पुढचा धक्का बसतो. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये राजाचा खून झाल्याबरोबर दारावर थापा पडतात आणि दार उघडायला येतो तो झिंगलेला, बडबड करणारा दारवान. बघणारे हसतात, आणि मग खून उघडकीला येतो. नाईकांच्या वाड्यातला पांडू त्या दारवानाचाच कुणीतरी दूरचा भाऊ.

पण मला यापलीकडे आणखी एक गोष्ट जाणवत आली आहे. ती मी कुणाकडून ऐकलेली नाही, त्यामुळे चूक असली तर माझी. माझे आजोबा एका भाटकाराकडे गडी होते. नारळ पाडायचे, गुरं बघायची, रात्री वाड्याच्या पडवीतच निजायचं. त्या वाड्याबद्दल गावात नाही नाही ते बोललं जाई. लहानपणी आम्ही आजोबांना खोदून खोदून विचारायचो. ते विडी शिलगावत म्हणायचे, “माका काय ठावक नाय.” सगळं आयुष्य पडवीत काढलेल्या माणसाला काही ठाऊक नाही? आम्हाला ते भोळसट वाटायचे. पुढे कळलं की दुसऱ्याच्या वाड्यात चाळीस वर्षं भाकरी खायची तर पुष्कळ गोष्टी न पाहिलेल्या असाव्या लागतात. पांडू डोकं खाजवीत “इसारलंय” म्हणाला की काकी हसायच्या, मीही हसायचो, पण मला आजोबांची ती विडी दिसायची. अण्णांच्या घरात शहाणा गडी टिकला नसता. लेखकाच्या मनात हे होतं की नव्हतं, कोण जाणे. पण खुळेपणाच्या आड दडलेली ही हुशारी जर त्या पात्रात नसती, तर एका शब्दावर ते इतकी वर्षं टिकलं नसतं. केवळ ठरलेला शब्द बोलणारी पात्रं मालिकांत ढिगानं येतात. जाड माणूस खुर्चीवरून पडतो, मागे ‘टुंइंग’ असा आवाज वाजवतात, आणि पुढच्या सोमवारी त्याचं नावही आठवत नाही.

या मालिकेवर आमच्या भागातून तक्रारी झाल्या नाहीत असं नाही. कोकण म्हणजे भुतंखेतं, करणी आणि जमिनीवरून भांडणं, असं चित्र बाहेर जातं, हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. भाषेबद्दल तर घरोघरी न्यायनिवाडे चालायचे. “ह्या आमच्याकडे असा नाय म्हणत” हे वाक्य मी त्या काळात जितक्यांदा ऐकलं तितकं कधी ऐकलं नव्हतं. मालवणची मालवणी वेगळी, कुडाळची वेगळी, वेंगुर्ल्याची आणखी वेगळी. शिवाय विदर्भ-मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला समजावी म्हणून मालिकेतली मालवणी बरीच पाणी घालून पातळ केलेली होती. पण टीव्हीवरच्या मालवणीतल्या चुका काढायला बसावं, इतकी ती आम्हाला आपली वाटली, हेही खरंच. पूर्वी आम्ही चुका काढत नव्हतो, टीव्ही बंद करत होतो.

पुढे आकेरीचा तो वाडा बघायला मुंबई-पुण्याच्या गाड्या येऊ लागल्या. उतरल्या उतरल्या भेटेल त्या माणसाला “इसारलंय” म्हणून दाखवायचे आणि आपण मालवणी शिकलो असं समजायचे. काहींना ते गोड वाटायचं, काहींना डिवचल्यासारखं. मला दोन्ही वाटायचं. कोण म्हणतो, कुठल्या तोंडानं म्हणतो, यावर ते अवलंबून. २०२१ मध्ये तिसरा भाग आला तोवर तो शब्द मालिकेचा राहिलाच नव्हता. रिक्षावाला भाडं विसरलेल्या गिऱ्हाइकाला तोच ऐकवायचा आणि शाळेतली पोरं गृहपाठाच्या वेळी मास्तरांना.

२०२० च्या टाळेबंदीत मार्चपासून चित्रीकरणं थांबली. जुलैपर्यंत वाहिन्या जुनेच भाग दाखवत होत्या. काकींचा नातू त्या वर्षी मार्चमध्येच आला होता आणि अडकून पडला होता. आजी आणि नातू दुपारी एकत्र बसून तेच तेच भाग बघायचे. एकदा काकींनी त्याला त्यांच्या त्या जपून बोललेल्या मराठीत सांगितलं, “बाळा, समोरच्या दुकानातून एवढं सामान घेऊन ये हं.” दुकान ठरावीक वेळच उघडं असायचं. पोरगं मास्क लावून गेलं, रांगेत उभं राहिलं आणि हात हलवत परत आलं. काकी दारातच उभ्या होत्या. घाईत त्यांच्या तोंडून निघून गेलं, “रे, काय हाडलंस?”

पोरानं मास्क खाली ओढला, डोकं खाजवलं आणि म्हणालं, “इसारलंय.”

काकी खळ्यातल्या पायरीवर बसून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या दिवसापासून त्या त्याच्याशी मालवणीतच बोलू लागल्या. सून तेव्हा मुंबईतच अडकलेली होती.